बोहारणीनं नाकारलेल्या साड्या

मैत्रिणींनो, बोहारीण दाराशी आली, की एका पातेल्यासाठी आपण केवढी घासाघीस करतो! पण तिनंही परत केलेल्या साड्यांचं तुम्ही काय करता? मी काय केलं ते सांगते, हसू नका.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेला महापूर आला. सांगली-कोल्हापूरकडे घरंच्या घरं पाण्यात गेली. चाकणहून मुलाच्या कारखान्यातला टेम्पो मदत घेऊन निघणार होता. मीही पदर खोचून चिंचवडच्या आमच्या सोसायटीत दारोदार हिंडले. आपली पद्धत तुम्हाला ठाऊकच आहे: पावतीपुस्तक, एकावन्न नाहीतर एकशे एक, आणि वर कपड्यांचं गाठोडं. माझ्या गाठोड्यात त्याच साड्या होत्या!

शेजारच्या केरळच्या वहिनींनी पैसे दिले आणि सहज सांगितलं, की २०१८ च्या पुरात त्यांच्या सरकारनं कर्मचाऱ्यांना महिन्याचा पगार मागितला होता. दरमहा तीन दिवसांचा, असा दहा महिने. त्यांच्या शिक्षक भावानं तो दिला. १९९३ साली किल्लारीच्या भूकंपाला ह्यांनी एका दिवसाचा पगार दिला, त्याचं मी अजून कौतुक सांगते!

मग पिंपरी कॅम्पातल्या ओळखीच्या सिंधी मावशींकडे गेले. त्यांनी नोटा दिल्या, पण पावतीवर नाव घालू दिलं नाही. गाठोडं मात्र सोडून पाहिलं. म्हणाल्या, “फाळणीनंतर आम्ही इथल्या छावणीत आलो, तेव्हा मी नऊ वर्षांची. वाटपात झगा मिळाला, त्याला मागं बटणंच नव्हती. शाळेत मी भिंतीला पाठ लावून बसायची. देणारीला वाटलं असेल, पुण्य केलं.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आल्यावर गाठोडं रिकामं केलं. भाचीच्या लग्नातल्या आहेरासाठी आणलेल्या दोन कोऱ्या साड्या त्यात ठेवल्या. सोबत नाडी ओवलेले परकर, ब्लाउज, सॅनिटरी नॅपकिन आणि सुईदोरा. नुसती साडी देऊन बाईनं ती नेसायची कशी, हे आधी सुचलंच नव्हतं. त्या जुन्या साड्यांची पायपुसणी छान झाली.

देण्याच्या तऱ्हा घरोघरी निराळ्या असतात, असू देत. पण मला सांगा, ओटी भरताना आपण कधी विटका खण घालतो का? मग पुरातून उठून आलेली बाई का सवाष्ण-माहेरवाशिणीहून परकी?