गुरुवारची संध्याकाळ

रविवारी उपासना संपली की मंडळीतली एखादी मावशी मुलाच्या गालावरून हात फिरवत विचारते, "काय रे बाळा, कितवीत आहेस?" घरी शिकणारं मूल गोंधळून आईकडे बघतं. त्याला नवाचा पाढा येतो, योसेफाची गोष्ट तो बाराही भावांच्या नावांसकट सांगतो. पण 'कितवीत' याचं उत्तर त्याच्यापाशी नसतं. मावशीच्या मनात काही नसतं. आईच्या मनातून मात्र तो प्रश्न जात नाही. रात्री भांडी आवरताना तो पुन्हा समोर येतो: आपल्याला हे झेपणार आहे का?

अशा आयांचा दिवस मी जवळून पाहते. सकाळची कौटुंबिक प्रार्थना झाली की आई ओट्याशी कणीक मळायला घेते. थोरली शेजारच्या स्टुलावर बसून स्तोत्रसंहिता वाचते. बोट ओळीखालून सरकत जातं आणि 'सामर्थ्य' या शब्दापाशी अडतं. "तोडून वाच बघू," आई म्हणते, "सा, मर्, थ्य." तेवढ्यात कुकरची शिट्टी होते, धाकटा रडत उठतो, दारात सिलिंडरवाला येतो. परत येऊन बघावं तर थोरलीने तो शब्द एकटीनेच सोडवलेला असतो. ती ओळ आता ती खणखणीत आवाजात म्हणते. दुपारी मेथी निवडता निवडता पाढे होतात. विज्ञानाचं पुस्तक उघडायचं राहूनच जातं, आणि दिवेलागणीला आईला वाटतं, आज काहीच झालं नाही.

झालेलं असतं. अनुवादाच्या सहाव्या अध्यायात देवाची वचनं मुलांच्या मनावर बिंबवायला सांगितलं आहे ते घरी बसलेलं असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना. तिथे वेळापत्रक नाही. आहे तो आईबापांचा रोजचा दिवस.

इंग्लंडातल्या एपवर्थ गावी सुझॅना वेस्ली हिने असाच दिवस काढला. तिला 19 मुलं झाली. त्यांतली कितीतरी तान्हेपणीच गेली. घरात पैशांची चणचण, 1709 साली राहतं घर जळालं. तरी तिची घरातली शाळा चालू राहिली, आणि आठवड्यातली एकेक संध्याकाळ तिने एकेका मुलासाठी राखली. जॉनच्या वाट्याला गुरुवार होता. पुढे मेथडिस्ट चळवळ उभी करणाऱ्या या मुलाने मोठेपणी आईला पत्र लिहून त्या गुरुवारच्या संध्याकाळचा थोडा वेळ पुन्हा मागितला.

आपल्याकडची साक्ष याहून जवळची आहे. 1858 साली जन्मलेल्या पंडिता रमाबाई बालपणी कोणत्याही शाळेत गेल्या नाहीत. वडील थकले होते, कुटुंब तीर्थक्षेत्रांतून फिरत होतं. आई लक्ष्मीबाई डोंगरे यांनीच त्यांना संस्कृत शिकवलं, तोंडी पाठ करून घेत. ती माउली ख्रिस्ती नव्हती. पण तिने घडवलेल्या त्याच बुद्धीने रमाबाईंनी पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक भाषांतून बायबल मराठीत आणलं. 1874च्या सुमारास दुष्काळात गेलेल्या लक्ष्मीबाईंना यातलं काहीच दिसलं नाही. शिकवणाऱ्या आईला आपल्या कष्टांचं फळ बघायला मिळेलच असं नाही. म्हणून ते कष्ट वाया जात नाहीत.

परीक्षेची काळजी खरी आहे, पण तिलाही वाट आहे. 1989 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून घरी शिकलेलं मूल 14 वर्षं पूर्ण झाल्यावर दहावीला बसू शकतं. सगळे विषय एकाच खेपेला द्यावे लागत नाहीत. जे मूल गणितात मागे आणि भाषेत पुढे आहे, त्याला आपल्या चालीने जाता येतं.

तेव्हा बहिणींनो, शाळेचा तक्ता भिंतीवर लावून स्वतःला रोज नापास करू नका. अभ्यास एखाद दिवस राहिला तर राहू द्या, थकलात तर मंडळीतल्या बायकांजवळ तसं सांगा, प्रार्थनेत एकमेकींची नावं घ्या. आणि प्रत्येक मुलासाठी आठवड्यातली एक वेळ ठरवा: फोन बाजूला, काम बाजूला, समोर फक्त ते मूल. तेवढी वेळ मात्र चुकवू नका. बाकीचं देवावर सोपवायला हरकत नाही.