आटपाडीहून ‘ग्लोब’पर्यंत

आटपाडी म्हटलं की लोकांना दुष्काळ, मेंढरं आणि डाळिंबाच्या बागा आठवतात. पण गदिमा आणि व्यंकटेश माडगूळकर हे याच तालुक्यातल्या माडगुळ्याचे, आणि शंकरराव खरात आटपाडीचेच. साहित्याचं वेड या मातीत आहे. आमची धाकटी इंग्रजी साहित्यात एम.ए. करते. अभ्यासासाठी तिला इंग्लंडमधली जुनी नाट्यगृहं पाहायची होती. अब्बांनी थोरलीला सोबत दिलं आणि आम्ही दोघी बहिणी निघालो.

नाटक आमच्या जिल्ह्याला परकं नाही. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’चा प्रयोग केला. म्हणूनच ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांनी १८९० साली शेक्सपिअरचं ‘ऑथेल्लो’ मराठीत ‘झुंझारराव’ म्हणून आणलं. उर्दूत आगा हश्र काश्मिरी यांनी ‘किंग लिअर’वरून ‘सफेद खून’ लिहिलं. म्हणजे शेक्सपिअर आपल्या घरात आधीच आलेला होता.

लंडनला आम्ही व्हाइटचॅपल भागात उतरलो. तिथे ईस्ट लंडन मशीद आहे, हलाल जेवणाची अडचण नाही. थेम्स नदीच्या दक्षिण काठावर ‘ग्लोब’ नाट्यगृह आहे. मूळ इमारत १५९९ ची. १६१३ साली नाटकात उडवलेल्या तोफेच्या ठिणगीने गवताचं छप्पर पेटलं आणि ती जळून गेली. आजचं नाट्यगृह मूळ जागेजवळच पुन्हा उभारलं आणि १९९७ साली खुलं झालं. त्यासाठी सॅम वानामेकर या अमेरिकन नटाने आयुष्य वेचलं, पण ते पुरं होण्याआधीच तो वारला.

रंगमंचासमोरचं अंगण उघडं आहे. तिथे उभं राहून नाटक पाहायचं; खाली बसायचं नाही, पाऊस आला तरी छत्री उघडायची नाही. तिकीट सर्वांत स्वस्त. शेक्सपिअरच्या काळी इथे एक पेनी देऊन कारागीर आणि कामगार उभे राहत. पुस्तकात भारदस्त वाटणारं हे नाटक मुळात साध्या माणसांचं होतं, हे तिथे पाय दुखेपर्यंत उभं राहिल्यावर कळलं. यात्रेतल्या तमाशाच्या तंबूसमोरची गर्दी आठवली.

पुढे स्ट्रॅटफर्डला शेक्सपिअरचं घर आणि चर्चमधली कबर पाहिली. आगगाडीत धाकटीने ‘ऑथेल्लो’ उघडलं. नाटकाचं पूर्ण नाव ‘व्हेनिसचा मूर ऑथेल्लो’. ‘झुंझारराव’ या नावात हा मूर दिसत नाही. त्या काळी इंग्रज उत्तर आफ्रिकेतल्या मुसलमानांना मूर म्हणत. १६०० साली मोरोक्कोचे सुलतान अहमद अल-मन्सूर यांचा वकील अब्दुल वाहिद बिन मसूद राणी एलिझाबेथकडे आला. स्पेनविरुद्ध दोस्ती करायची होती. तो सुमारे सहा महिने लंडनमध्ये राहिला. हे पाहुणे मुक्कामाच्या घरीच मेंढ्या-कोंबड्या स्वतः जिबह करत आणि त्या वेळी पूर्वेकडे तोंड करत, अशी नोंद जॉन स्टो या लंडनच्या इतिहासकाराने केली आहे. त्या वकिलाचं चित्र बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या संग्रहात आहे. शेक्सपिअर त्याला भेटल्याचा पुरावा नाही, पण तेव्हा तो त्याच शहरात नाटकं लिहीत होता. १६०४ च्या नोव्हेंबरमध्ये ‘ऑथेल्लो’चा प्रयोग राजदरबारात झाला.

नाटकातला ऑथेल्लो मात्र ख्रिस्ती सैन्याचा सेनापती आहे आणि तुर्कांशी लढतो. हाताखालचा इयागो त्याच्या कानात बायकोबद्दल विष ओततो. पुरावा काय, तर एक रुमाल. तेवढ्यावर तो निर्दोष डेस्डेमोनाचा जीव घेतो. खरं काय ते इयागोची बायको एमिलिया सांगते, पण तोवर उशीर झालेला असतो.

सांगोवांगीच्या बातमीची आधी खात्री करा, पाकदामन बाईवर तोहमत घेऊ नका, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून मिळते. तरी संशयाने मोडलेली घरं आपल्याही आसपास आहेत. आता तर मोबाइलवरचा एखादा फोटो त्या रुमालाचं काम करतो. लेकीसुनांबरोबर मुलांनाही बसवून हे नाटक घरात वाचायला हवं. त्यासाठी विलायतेला जायची गरज नाही. देवलांचं ‘झुंझारराव’ गावच्या वाचनालयात मिळालं तरी पुरे.