तीन झाडं, 50 ग्रॅम

गेल्या हिवाळ्यात माझ्या बेडरूमच्या एका कोपऱ्यात 80 बाय 80 सेंटिमीटरचा काळा तंबू उभा होता आणि आत गांजाची तीन झाडं होती. मी जर्मनीत, लाइपझिगमध्ये राहते, म्हणून हे वाक्य मी बिनधास्त टाइप करतेय. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये बसून हेच लिहिलं असतं तर त्याला निबंध म्हटलं नसतं, कबुलीजबाब म्हटलं असतं.

जर्मनीत 1 एप्रिल 2024 पासून नवा कायदा लागू झाला. देशात किमान सहा महिने राहिलेल्या कुठल्याही सज्ञान माणसाला घरी तीन झाडं लावता येतात. वाळवलेला माल घरात 50 ग्रॅमपर्यंत ठेवता येतो, बाहेर खिशात 25 ग्रॅमपर्यंत. विकायचा नाही, मित्राला फुकटही द्यायचा नाही. मुलांचा हात पोचणार नाही असं ठेवायचं आणि शेजाऱ्यांना वासाचा त्रास होऊ द्यायचा नाही. मी हा कायदा ऑफिसातलं डॉक्युमेंटेशन वाचावं तसा वाचला, दोनदा.

मी हे का केलं, असं मैत्रिणी विचारतात. एक कारण अगदी साधं आहे. इथे डिसेंबरात चार वाजता अंधार पडतो आणि घरात काहीतरी हिरवं, वाढणारं असावं असं वाटत राहतं. दुसरं कारण कुतूहल. आणि तिसरं, मी महिन्यातून एखाददोन वेळा ओढते, तर ते कुठून आलं, त्यात काय मिसळलंय, हे मला माहीत असावं. तुम्ही ओढा असं मी अजिबात म्हणत नाही. विशीतल्या मेंदूवर त्याचा परिणाम जास्त होतो, म्हणून इथल्या क्लबांनासुद्धा 21 च्या आतल्या सभासदांना 10 टक्क्यांपेक्षा जास्त टीएचसी असलेला माल देता येत नाही. आणि भारतात तर हा विषयच नको. तिथे घरात एक झाड लावलं तरी एनडीपीएस कायद्याच्या कलम 20 खाली दहा वर्षांपर्यंत शिक्षा आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

झाड मात्र भारी आहे. ते दिवस मोजत नाही, रात्र मोजतं. रात्र लहान असेपर्यंत नुसती पानं काढतं. रोज साधारण बारा तासांचा सलग अंधार मिळायला लागला की पावसाळा संपला असं समजून फुलायला लागतं. आपल्याकडची शेवंतीही याच जातकुळीतली, म्हणून तर फुलं लांबवायची असली की शेतकरी तिच्यावर रात्री बल्ब लावतात. माझ्या तंबूत ऋतू माझ्या टायमरवर चालायचे. तापमान आणि आर्द्रतेचा सेन्सर एका छोट्या बोर्डाला जोडून मी दर पाच मिनिटांची नोंद घ्यायचे. स्टँडअप मीटिंग चालू असताना दुसऱ्या स्क्रीनवर झाडांचा ग्राफ असायचा.

पपईसारखी यातही नर आणि मादी झाडं वेगळी असतात. जुने पपईवाले शेतकरी नर ओळखून उपटून टाकायचे. गांजातही तेच करतात, कारण परागण झालं की मादी झाड सगळी ताकद बियांमध्ये घालवतं. हे काही कॅलिफोर्नियात लागलेले शोध नाहीत. बंगालमध्ये नौगावजवळच्या सरकारी परवान्याच्या गांजाशेतीत नर झाडं हुडकून काढायला खास माणूस लावायचे, त्याला पोद्दार म्हणत. 1893 मध्ये डेव्हिड प्रेन नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने याचा अहवाल लिहून ठेवलाय. त्याच सुमाराला इंग्रज सरकारने नेमलेल्या आयोगाने देशभर फिरून हजारावर साक्षी घेतल्या आणि बंदी घालू नका, नियंत्रण ठेवा, असं सुचवलं. नव्वद वर्षांनी, 1985 मध्ये, आपण एनडीपीएस आणला.

मी जे वाण निवडलं त्याची ख्याती घट्ट फुलांसाठी. बुटकं झाड, जवळजवळ पेरं, रुंद पानं, आणि शेंड्याला मुठीएवढा घट्ट तुरा. अशी झाडं मूळची अफगाणिस्तान, हिंदुकुशच्या कोरड्या डोंगरांतली. सत्तरच्या दशकात प्रवासी तिथून बिया घेऊन गेले, अमेरिकेत आणि नेदरलंड्समध्ये त्यांचे संकर झाले, आणि दिव्याखाली वाढवायला बुटकं झाड सोयीचं म्हणून तेच सगळीकडे पसरलं. याउलट दक्षिण भारतातली जुनी वाणं उंच, सडपातळ पानांची, फुलं मोकळी. गंमत म्हणजे 1785 मध्ये लामार्कने 'इंडिका' हे नाव दिलं ते भारतातून आलेल्या नमुन्यावरून. आज दुकानात इंडिका म्हणून मिळतं ते बहुतेक अफगाणी वळणाचं. माझ्या बियांचं पाकीट नेदरलंड्सहून पोस्टाने आलं. पाकिटावर इंडिका, आणि ज्या देशाचं नाव त्यावर आहे तिथे त्यातलं बी पेरलं तर गुन्हा.

झाडं फुलात आल्यावर पाचव्या आठवड्यात पप्पा आले. नव्वद दिवसांच्या व्हिसावर, पहिल्यांदाच परदेशात. आई गेल्यानंतरचा त्यांचा हा पहिला हिवाळा होता, एकटे राहू नयेत म्हणून मीच मागे लागले होते. तारखा झाडांच्या आधी ठरल्या असत्या तर मी तंबू लावलाच नसता. पण तिकीट अचानक स्वस्त मिळालं.

पप्पा 34 वर्षं पोलिसात होते. शिपाई म्हणून लागले, सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. बरीचशी नोकरी खानदेशात, त्यातली काही वर्षं सातपुड्याच्या पायथ्याला. लपवण्यात अर्थ नव्हता. कार्बन फिल्टर कितीही चांगला असला तरी तो वास त्यांच्या नाकाला समजणारच होता. पहिल्याच संध्याकाळी चहा पिताना सांगितलं. कायद्याचं इंग्रजी भाषांतर प्रिंट काढून ठेवलं होतं, ते पुढे केलं.

त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं. मग म्हणाले, "म्हणजे मला यातलं काही देता येणार नाही तुला."

"नाही. तुम्हालाच काय, कोणालाच नाही."

"दिलंस तर गुन्हा."

"हो."

"बरं," म्हणाले आणि कागदाची घडी करून खिशात ठेवली. त्या दिवशी तंबूकडे त्यांनी बघितलंही नाही. पुढचे दहा दिवस आम्ही त्याच घरात, त्या काळ्या तंबूला वळसा घालून राहिलो. दुपारी ते गॅलरीत बसायचे, मी कॉलवर असायचे. काकूचा फोन आला की "पोरीचं सगळं छान चाललंय," एवढंच सांगायचे. त्या 'छान'मध्ये तंबू धरलाय की नाही, ते मला कळायचं नाही.

अकराव्या दिवशी मी झिप उघडून बघत होते, तेव्हा ते मागे येऊन उभे राहिले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एका तुऱ्याकडे बोट दाखवलं, हात न लावता. "ते पान बघ."

तुऱ्याच्या मधून आलेलं एक बारीक पान पिवळं पडून मान टाकून होतं. बाकी सगळं हिरवंगार.

"आतून सडलंय," पप्पा म्हणाले. "हायब्रीड ज्वारीचं असंच व्हायचं."

मी तुरा अलगद फोडला. आत राखाडी बुरशी, देठ तपकिरी आणि मऊ. बोट्रायटिस. स्ट्रॉबेरीवर येते तीच. माझ्या ग्राफवर मात्र सगळं ठीक होतं. सेन्सर तंबूतली हवा मोजत होता. फुलाच्या आत अडकलेली ओल त्याला दिसणार कशी?

ज्वारीची गोष्ट पप्पांनी त्या रात्री सांगितली. त्यांच्या लहानपणी गावात देशी ज्वारी असायची, उंच, उशिरा निसवणारी. नंतर संकरित आली. पहिलं संकरित वाण सीएसएच-1 हे 1964 चं. बुटकं ताट, लवकर येणारं पीक, आणि दाणे खच्चून भरलेलं घट्ट कणीस. उतारा दुप्पट. पण कणीस लवकर भरायचं, म्हणजे परतीचा पाऊस असतानाच. आणि घट्ट कणसात पाणी शिरलं की वाळायचं नाही. दाणे काळे पडायचे. "आजोबा तुझे म्हणायचे, माणसाला भरगच्च आवडतं, वाऱ्याला नाही."

मला ते पटलं, कारण तंबूतही तेच झालं होतं. कोरड्या डोंगरातलं फूल घट्ट असलेलं चालतं, तिथे ओल नसते. दमट हवेत वाढलेल्या वाणांची फुलं मोकळी राहिली, कारण मोकळी होती तीच टिकली. आम्ही ते घट्ट फूल उचललं आणि बंद खोलीत आणलं, जिथे मी दोन माणसांचा स्वयंपाक करते आणि हीटरवर कपडे वाळवते. दुसऱ्या दिवशी पप्पांनी स्वतःहून कपड्यांचा स्टँड स्वयंपाकघरात हलवला. मी एक पंखा वाढवला आणि तो सगळा तुरा कापून फेकला. बाकीचे वाचले.

त्यानंतर ते रोज तंबूपाशी येऊ लागले. हात लावायचे नाहीत, पण बघायचे. आणि अशाच एका सकाळी त्यांनी 2006 ची एक केस सांगितली.

डोंगराच्या पायथ्याला एक शेत. तुरीच्या ओळींच्या आत गांजा, कारण तूर उंच असते, रस्त्यावरून दिसत नाही. शेत बटाईने केलेलं. करणारा माणूस तिशीतला. बी दुसऱ्याने दिलेलं, माल तिसरा नेणार होता, ते दोघं कधीच सापडले नाहीत. पोलिसांनी झाडं उपटली, मुळासकट, मातीसकट, हिरवी ओली, आणि तशीच काट्यावर चढवली. वजन 64 किलो. पंचनामा पप्पांच्या अक्षरातला.

20 किलोच्या वर गांजा म्हणजे कायद्याने 'व्यावसायिक प्रमाण'. शिक्षा किमान दहा वर्षं, आणि कलम 37 मुळे जामीन फार अवघड. पण त्याच कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे गांजा म्हणजे झाडाचे फुललेले किंवा फळं धरलेले शेंडे. शेंड्यांशिवायची नुसती पानं आणि बिया त्यात धरत नाहीत. भांग याच फटीतून कायदेशीर राहते. मूळ, खोड आणि माती तर कुठेच बसत नाही.

"शेंडे वेगळे काढून मोजले असते तर?" मी विचारलं.

"वीसच्या आत आले असते."

"तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

पप्पा तंबूकडे बघत होते. "साहेबांनी सांगितलं, आहे तसं चढवा. अंधार पडत होता. आम्ही सकाळपासून उपाशी." थोड्या वेळाने म्हणाले, "माहीत होतं."

तो माणूस चार वर्षं कच्च्या कैदेत होता. पुढे केसमध्ये काय झालं ते पप्पांना कळलं नाही, त्यांची बदली झाली होती. त्याचं नाव मी विचारलं. त्यांना वजन आठवत होतं, काट्याची कंपनी आठवत होती, नाव नाही.

मी त्यांच्यावर चिडायला हवं होतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यांच्या पगारावर मी इंजिनिअरिंग केलं, त्या पदवीवर इथे आले, आणि इथे आल्यामुळे तेच झाड मी हौस म्हणून लावते, वाय-फायवर त्याचा ग्राफ बघते. तो माणूस आणि मी, दोघांनी केलेली कृती एकच. त्याने तर ती पोटासाठी केली. मला वाचवणाऱ्या गोष्टी म्हणजे पत्ता, पासपोर्टवरचा शिक्का आणि तारीख. यात माझी लायकी कुठे आली?

नवव्या आठवड्यात झाडं कापली. उलटी टांगून बारा दिवस वाळवली. मग स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन केलं. नुसती फुलं, देठ काढून. पप्पा खुर्ची घेऊन शेजारी बसले होते. 57 ग्रॅम भरलं. मर्यादा 50 ची, त्यामुळे वरचं नष्ट करावं लागतं. मी 7 ग्रॅम बाजूला काढले, कुंडीतल्या ओल्या मातीत आणि कॉफीच्या चोथ्यात कालवले.

"पंच कुठे आहेत?" पप्पांनी विचारलं.

"तुम्ही आहात ना."

"दोन लागतात." ते हसले नाहीत. काटा त्यांनी स्वतःकडे ओढला, शून्यावर आणला आणि उरलेला माल परत एकदा मोजायला लावला. 50. मग तिसऱ्यांदा. इतक्या काळजीने मी त्यांना कधी काही मोजताना बघितलं नव्हतं, आईच्या औषधांचे थेंबसुद्धा नाहीत.

फेब्रुवारीच्या शेवटी ते परत गेले. मी त्यांच्या बॅगा रिकाम्या करून, खिसे उलटे करून, एखादं बी किंवा पान चिकटलेलं नाही ना, हे तपासलं. कोट धुऊन दिला. त्यांनी सगळं करू दिलं.

तीन आठवड्यांनी एका रविवारी फोन आला. जेवणखाण, गुडघे, शेजारच्यांचं लग्न, सगळं झालं. मग म्हणाले की ते त्या गावाला जाऊन आले. एसटीने, दोन गाड्या बदलून. तो माणूस आता नाही. मुलगा आहे, पपई लावतो. पप्पांनी स्वतः कोण ते सांगितलं. मुलाने चहा दिला, फार काही बोलला नाही.

"नाव सापडलं," ते म्हणाले आणि मला नाव सांगितलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट, पंचनाम्यात लिहितात तसं. ते मी इथे लिहीत नाही. माझ्याकडे वहीत लिहून ठेवलंय.