घर मागे घेताना

धाकट्या भावाकडे अमेरिकेला गेलो असताना आम्ही उभयतांनी त्याच्या भाड्याच्या घरगाडीतून कॅलिफोर्नियातील योसेमिटी पाहिले. ओटा, बिछाना, संडास सारे आतच; लांबी 25 फूट. तेथील अप्पर पाइन्स तळावर अशी गाडी 35 फुटांपर्यंतच चालते.

कडे-धबधबे भव्य आहेतच; पण वाचक बंधु-भगिनींना सांगावेसे वाटते ते गाडी मागे घेऊन लावण्याविषयी. एसटीचा कंडक्टर उतरून शिट्टी देतो, तसलेच हे काम. चालवणाऱ्याला आरशांखेरीज मागचे दिसत नाही. म्हणून आदल्या दिवशी मोकळ्या मैदानात खोकी मांडून चौघांनी सराव केला. स्टिअरिंगवर भावजय, मागे भाऊ. ओरडण्यात अर्थ नाही, खुणा आधीच ठरवाव्यात. ‘डावीकडे’ म्हणजे कोणाची डावी, यावरच नवराबायकोची निम्मी भांडणे! खुणा करणारा आरशात दिसेनासा झाला की ब्रेक. जागा शक्यतो चालकाच्या बाजूची, म्हणजे तिकडे डाव्या हाताची, निवडावी. वळताना गाडीचे शेपूट उलट बाजूला फिरते. ते आणि वरच्या फांद्या बाहेरच्यानेच पाहाव्यात.

तळावर संध्याकाळी भावजय गाडी मागे घेत होती. शेजारची दोन मुले सायकलवरून मागे आली. भावाने हात वर केला, तिने ‘का?’ न विचारता गाडी जागीच थांबवली. मुले निघून गेली.

पुढच्या मुक्कामी स्टिअरिंगवर भाऊ होता आणि मागे आमच्या घरच्या. थोरल्या वहिनीचा हात वर गेला की तोही मुकाट थांबे.