आडनावातले गाव

१९६५ च्या कायद्याने अमेरिकेचे दार उघडले आणि मराठवाड्यातील काही घरेही अटलांटिकपार स्थिरावली. तिकडे वाढलेला नातू पूर्वजांचा माग काढू लागला, की सैतवाळ घराण्यांना एक सोय असते. ‘कर’ने संपणारे आडनावच बहुधा मूळ गाव सांगते. दुकानाच्या जुन्या खतावणीतही नावाशेजारी गाव सापडते.

ही रीत या मातीत जुनीच. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेटास गेली, तरी बिरुदात लट्टलूर, म्हणजे आजचे लातूर, राहिले. जैन धर्माला आश्रय देणाऱ्या सौंदत्तीच्या रट्टांनीही तेच नाव दूर कर्नाटकात मिरवले. नांदेड जिल्ह्यातील कंधारही त्याच राष्ट्रकूटकाळाचे.

मात्र गाव कळले म्हणजे घर सापडतेच असे नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसर भूकंपाने कोसळला. कित्येक गावे नव्या जागी वसली. तेथे येणाऱ्याने नवे गाव पाहून थांबू नये, जुन्या गावठाणाची वाट विचारावी. आणि गावात पाऊल ठेवताच आडनाव निरुपयोगी ठरते, कारण तेथे सारेच त्या गावचे. पारावरच्या वृद्धाला आजोबांचे नाव सांगावे आणि दुकान कशाचे होते तेही : कापडाचे, की किराण्याचे.