हेडलाइटचा मोतीबिंदू

जुन्या गाडीच्या हेडलाइटवर दिसणारा पिवळट थर म्हणजे मळ नव्हे, म्हणूनच तो धुऊन जात नाही. पद्मिनी, ॲम्बॅसेडरच्या हेडलाइटला काच असायची. ती फुटायची, पण पिवळी पडायची नाही. आताच्या गाड्यांना असतं पॉलिकार्बोनेट. जर्मनीत हर्मन श्नेल आणि अमेरिकेत डॅनियल फॉक्स या दोघांनी १९५३ मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, हे प्लास्टिक बनवलं. काचेपेक्षा हलकं, हवा तो आकार घेणारं, दगड लागला तरी सहसा न फुटणारं. फक्त उन्हातली अतिनील किरणं त्याला सोसत नाहीत. म्हणून कारखान्यात त्यावर पातळ संरक्षक थर देतात. तो झिजला की ऊन थेट प्लास्टिकला भिडतं, रेणूंच्या साखळ्या तुटतात आणि लेन्स धुरकट होते.

हे सगळं मी वाचलं ते बाबांमुळे. आम्ही अंजूरचे. वसईच्या मोहिमेतल्या गंगाजी नाईकांचं गाव ही त्याची जुनी ओळख. आता आजूबाजूला भिवंडीची गोदामं आहेत आणि रस्त्यावर रात्रंदिवस कंटेनर. बाबांची हॅचबॅक २०१० सालची. शेड नाही, त्यामुळे इतकी वर्षं ती अंगणात पश्चिमेकडे तोंड करून उभी.

गेल्या वर्षी बाबांनी रात्री गाडी चालवणं बंद केलं. तसं बोलून दाखवलं नाही. आधी हळदीच्या कार्यक्रमातून लवकर निघायला लागले, मग ‘तू चालव’ म्हणू लागले, मग जाणंच टाळू लागले. ‘डोळे गेले रे आता माझे,’ एवढंच म्हणायचे. आईनं डॉक्टरांकडे नेलं. मोतीबिंदूची नुसती सुरुवात होती, ऑपरेशनची गरज नव्हती. चष्म्याचा नंबर थोडा बदलला. नवा चष्मा आला, पण रस्ता तेवढाच काळोखा राहिला.

मी दिवसभर सॉफ्टवेअरमधले बग शोधतो. त्या कामाचा एक नियम आहे: एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची. म्हणून एका रात्री मी मित्राची गाडी आणली आणि बाबांना अंजूरफाट्यापर्यंत चालवायला लावली. तोच रस्ता, तेच डोळे, तोच चष्मा. परत आल्यावर म्हणाले, ‘हिचे लाइट बरे आहेत.’

अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशननं २०१८ मध्ये जुन्या हेडलाइटची चाचणी घेतली होती. पिवळ्या पडलेल्या लेन्समधून नव्याच्या साधारण २० टक्केच प्रकाश बाहेर येत होता. शिवाय उरलेला प्रकाशही धुरकट लेन्समुळे विखुरतो. रस्त्यावर कमी पडतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जास्त जातो. म्हणूनच ‘जास्त वॉटचा बल्ब टाका’ हा सल्ला घातक. उष्णता वाढते, समोरचा आणखी दिपतो आणि लेन्स होती तशीच राहते.

बाकीचे घरगुती उपायही फसवे. टूथपेस्टनं चमक येते, पण टिकत नाही. डासांचा स्प्रे मारला की लेन्स लगेच स्वच्छ दिसते, कारण त्यातलं रसायन प्लास्टिकचा वरचा थर विरघळवतं. मग लेन्स आधीपेक्षा वाईट होते.

खरं काम एका सकाळचं आहे. हेडलाइट धुवायचा आणि कडेच्या रंगाला कागदी टेप लावायची. मग हार्डवेअरच्या दुकानातला वॉटर पेपर ओला करून घासायचं. आधी ८०० नंबरचा, मग १०००, १५००, २०००, ३०००. प्रत्येक कागद आधीच्या कागदाचे ओरखडे बारीक करत जातो, म्हणून मधला नंबर गाळायचा नाही. सुरुवातीला ओघळणारं पाणी पिवळं असतं. ते दुधासारखं पांढरं झालं की खराब थर निघाला असं समजायचं. या टप्प्यावर लेन्स आधीपेक्षा भयंकर दिसते. बाबा बाजूला उभे होते. म्हणाले, ‘वाट लावलीस.’ शेवटी रबिंग कंपाउंड फिरवलं तेव्हा आतला बल्ब दिसायला लागला.

बहुतेक व्हिडिओ इथे संपतात. पण घासताना कारखान्यातला उरलासुरला संरक्षक थरही आपण काढून टाकलेला असतो. तसंच सोडलं तर काही महिन्यांत पुन्हा पिवळेपणा येतो. म्हणून ३००० चा कागद आणि कंपाउंड झालं की लेन्स स्पिरिटनं पुसायची आणि हार्डनर असलेला, अतिनील किरणं अडवणारा क्लिअर कोट फवारायचा. मोकळ्या हवेत, तोंडाला चांगला मास्क लावून, कारण त्याची वाफ फुप्फुसांना वाईट. वाळेपर्यंत हात लावायचा नाही. पावसाळ्यात हे करूच नये.

त्याच चाचणीत घरी साफ केलेल्या हेडलाइटचा प्रकाश सुमारे ७० टक्क्यांपर्यंत परतला होता. म्हणजे पूर्ण नाहीच. लेन्सला आतून तडे असतील किंवा मागचा आरसाच काळवंडला असेल, तर घासून उपयोग नाही, हेडलाइट बदलावाच लागतो. आणि बाबांचे डोळेही त्यांच्या वयाचेच आहेत. पुढच्या तपासणीची तारीख आईनं कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.

पण वयाच्या नावावर जे काही जमा होत होतं, त्यातला बराच भाग प्लास्टिकचा निघाला. बाबा पुन्हा रात्री गाडी काढतात, आणि दुपारी ऊन अंगणात आलं की कुणी न सांगता दोन्ही हेडलाइटवर आईची जुनी साडी टाकतात.