सिल्वाशाचा मुक्काम

भाताची झोडणी आटोपली, कणग्या भरल्या आणि नाताळाचा सण पार पडला, की आपल्या गावाकडील कुटुंबांना चार दिवस कोठेतरी जाऊन यावेसे वाटू लागते. आपल्या वडिलांच्या काळी असा प्रश्न क्वचितच उपस्थित होई. सप्टेंबरात वांद्र्याच्या डोंगरावरील माऊलीची जत्रा आणि दहा वर्षांनी एकदा येणारे गोव्याचे शवदर्शन, एवढाच बहुतेकांचा प्रवास. तेथेही नातलगांच्या ओसरीवर किंवा एखाद्या शाळेच्या दिवाणखान्यात पथारी पसरली, की मुक्कामाची चिंता मिटत असे. आता हातात चार पैसे आले आहेत, मुले शिकली आहेत, आणि केवळ विसाव्यासाठी शहरगावी जाणे ही चैन राहिलेली नाही. परंतु त्याबरोबरच एक नवी जबाबदारी आपल्या शिरावर आली आहे. परक्या गावी आपले कुटुंब कोणत्या छपराखाली निजवावे आणि कोणाच्या हातचे जेवू घालावे, हे ठरवण्याची ती जबाबदारी होय. ही निवड वाटते तितकी क्षुल्लक नाही, हे आम्हांस गेल्या हिवाळ्यात सिल्वासा येथे कळून आले. तोच अनुभव वाचकांपुढे ठेवण्याचे योजले आहे.

दादरा व नगरहवेलीचे हे मुख्य गाव वसईकरांना लांब नाही. रेल्वेने वापीला उतरावे व तेथून बसने किंवा भाड्याच्या मोटारीने पुढे जावे. रस्त्याने जाणाऱ्यांनी तलासरी ओलांडून भिलाडपाशी महामार्ग सोडावा व नरोलीवरून दमणगंगा गाठावी. तेथील गुजराती व वारली लोक गावाला ‘सेलवास’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकात ते एक लहानसे खेडे होते. १८८५ मध्ये पोर्तुगीज सरकारने आपली कचेरी दरारा येथून तेथे हलवली आणि त्याला ‘व्हिला दे पासो दे आर्कोस’ असे भारदस्त नाव दिले. ते नाव कागदांतच राहिले.

या मुलखाचा इतिहास आपल्याला जवळचा आहे. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली व पोर्तुगीजांचा उत्तरेकडील प्रांत बहुतांशी संपुष्टात आला. पुढे १७७२ मध्ये मराठी आरमाराकडून ‘सान्ताना’ नावाच्या पोर्तुगीज जहाजाची हानी झाली. तिची भरपाई म्हणून, १७७९ च्या तहान्वये, १७८३ मध्ये नगरहवेलीची गावे मराठ्यांनी पोर्तुगीजांच्या हवाली केली. दादरा त्यांनी १७८५ मध्ये विकत घेतले. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वातंत्र्यसैनिकांनी हा सर्व प्रदेश मुक्त केला. २२ जुलै रोजी दादरा आणि २ ऑगस्ट रोजी सिल्वासा स्वतंत्र झाले. दादऱ्यावर चालून गेलेल्या तुकडीचे पुढारी फ्रान्सिस मस्करेन्हस हे होते, तर त्या चौकीवर प्राणास मुकलेल्या पोलीस अधिकाऱ्याचे नाव आनिसेतो रोझारियो असे होते. दोन्हीकडील नावे आपल्या देवळातील बाप्तिस्म्याच्या वहीत शोभणारी आहेत, हे वाचून मन क्षणभर थबकते. सिल्वाशाच्या लढ्यात आपले थोर गायक सुधीर फडके हेही सामील झाले होते. १९६१ मध्ये हा प्रदेश भारतीय संघराज्यात रीतसर समाविष्ट झाला आणि २६ जानेवारी २०२० पासून दमण व दीव यांच्यासह त्याचा एकच केंद्रशासित प्रदेश झाला आहे.

सिल्वाशात हॉटेलांची संख्या गावाच्या मानाने मोठी आहे. त्याला कारणे दोन. पहिले असे, की करांच्या सवलतींमुळे गेल्या काही दशकांत तेथे कारखाने उभे राहिले, व व्यापारी आणि कारागीर यांची सतत ये-जा सुरू झाली. दुसरे कारण असे, की शेजारच्या गुजरात राज्यात, ते १९६० मध्ये स्थापन झाले तेव्हापासून, दारूबंदी आहे, आणि सिल्वाशात ती नाही. त्यामुळे शनिवार-रविवारी निसर्ग पाहण्यासाठी येणाऱ्यांबरोबर केवळ प्याल्यासाठी येणाऱ्यांचीही गर्दी होते. ही दुसरी गोष्ट मला ऐकून ठाऊक होती. परंतु ठाऊक असणे आणि ध्यानात घेणे यांत अंतर असते.

आम्ही सात माणसे होतो: आई, आम्ही उभयता, आमची दोन मुले, माझे धाकटे बंधू आणि त्यांची पत्नी. बंधूंविषयी त्यांच्याच अनुमतीने लिहितो. अनेक वर्षे ते दारूच्या आहारी गेले होते. घराने फार सोसले. दोन वर्षांपूर्वी, देवाच्या कृपेने आणि त्यांच्यासारख्याच व्यसनमुक्त झालेल्या मित्रांच्या आधाराने, त्यांनी तो प्याला खाली ठेवला. ही सहल एका अर्थी त्याच दोन वर्षांची कृतज्ञता होती. मुक्कामाची व्यवस्था मी अंगावर घेतली. मोबाइलवरील रंगीत चित्रे पाहिली, जेथे बाग मोठी व भाडे कमी दिसले ते हॉटेल निवडले, आणि अर्धे पैसे आगाऊ भरून मोकळा झालो. एकही प्रश्न विचारला नाही.

शनिवारी दुपारी आम्ही तेथे पोहोचलो. बाग चित्रातल्यासारखीच होती. परंतु तळमजल्यावर मद्यगृह आणि भोजनगृह एकाच दालनात होते. खोल्यांकडे जाणारा जिनाही त्याच दालनातून वर जात होता. दिवस मावळण्याआधीच तेथे मैफली जमल्या होत्या. बंधू काही बोलले नाहीत. त्यांनी मुलांचे हात धरले आणि बाहेर फाटकाशी असलेल्या झाडाखाली जाऊन उभे राहिले. त्यांची पत्नी मजजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाली, “दादा, यांना येथे ठेवू नका.”

कबूल करावयास लाज वाटते, पण मी लगेच ‘हो’ म्हटले नाही. गेलेली आगाऊ रक्कम माझ्या डोळ्यांपुढे आली. “दोनच रात्रींचा प्रश्न आहे, जेवण खोलीवर मागवू,” असे काहीसे मी पुटपुटलो. तेव्हा आई बाकावरून उठली, आपली पिशवी उचलली आणि म्हणाली, “पैसे पुन्हा मिळवशील, बाबा. चल.” रक्कम परत मिळाली नाही. नियम आधीच छापलेला होता, आणि तो न वाचण्याचा दोष सर्वस्वी माझा होता.

शनिवारच्या गर्दीत तीन ठिकाणी जागा नसल्याचे उत्तर मिळाले. नाताळाचा गोठा अजून घरी मांडलेलाच होता. बेथलेहेमच्या सराईपुढे उभ्या राहिलेल्या योसेफाची अवस्था प्रवचनात अनेकदा ऐकली होती, ती त्या संध्याकाळी रस्त्यावर उभे असताना समजली. अखेरीस बाजाराच्या बाजूस, एका शाकाहारी खानावळीच्या वर, दोन खोल्या मिळाल्या. बाग नव्हती, चित्र काढावे असे काही नव्हते. चादरी मात्र धुतलेल्या होत्या, नळाला पाणी होते, आणि मालकाने आईसाठी खाली निजण्याची सोय न सांगता करून दिली. रात्री सर्वांनी खालीच गुजराती थाळी घेतली. बंधूंनी दोनदा वाढून घेतले.

रविवारी सकाळी आम्ही गावातील पिएदाद माउलीच्या देवळात मिस्साला गेलो. हे देऊळ पोर्तुगीज काळातील असून गोवा व दमण धर्मप्रांताच्या अखत्यारीत आहे. क्रुसावरून उतरवलेल्या आपल्या पुत्राचे शरीर मांडीवर घेतलेली माता, तीच ही पिएदाद. प्रवचनाची भाषा आईला पुरती उमगली नाही, पण ती मातेच्या मूर्तीपुढे बराच वेळ गुडघे टेकून होती. ज्या मातेने आपला मुलगा गमावण्याच्या जवळ जाऊन त्याला परत मिळवले आहे, ती त्या मूर्तीशी काय बोलली असेल, हे मी विचारले नाही.

दुपारी गावातील आदिवासी संग्रहालय पाहिले. वारली, कोकणा, धोडिया इत्यादी लोकांची वाद्ये, दागिने व मासेमारीची साधने तेथे मांडलेली आहेत. आपल्या तलासरी-डहाणूकडील वारली बांधव आणि हे लोक एकच आहेत. सरहद्द सरकारांनी आखली, त्यांनी नव्हे. सोमवारी खानवेलच्या रस्त्याने दुधनीला गेलो. खानवेल सागाच्या वनात साकरतोड नदीकाठी वसले आहे. दुधनी येथे दमणगंगेवरील मधुबन धरणाचे पाणी डोंगरांच्या कुशीत दूरवर पसरले असून तेथे होड्या मिळतात. ते पाणी रम्य आहे खरे. तथापि, त्याखाली आदिवासींची गावे व शेते गेली आहेत, हे आम्ही मुलांना सांगितले.

होडीत बंधू माझ्याजवळ बसले होते. ते म्हणाले, “परवा तू फाटकाच्या आत दहा मिनिटे विचार करीत होतास. तेवढी दहा मिनिटे मला फार लांब गेली.” त्यांच्या स्वरात राग नव्हता. मला उत्तर सुचले नाही. मी त्यांचा हात धरला, आणि होडी काठाला लागेपर्यंत तो सोडला नाही.

आता, या अनुभवातून जे शिकलो, ते सहलीला निघणाऱ्या कुटुंबांच्या उपयोगी पडावे म्हणून थोडक्यात सांगतो.

मुक्काम ठरवण्याआधी चित्रे पाहण्यास हरकत नाही, परंतु दूरध्वनीवर माणसाशी बोलल्यावाचून पैसे भरू नयेत. घरात मद्यगृह आहे काय, असल्यास भोजनगृह व जिना निराळा आहे काय, वृद्धांसाठी तळमजल्यावर खोली मिळेल काय, मुलांच्या अंथरुणाचे वेगळे पडेल काय, दिवस दुपारी बारापासून मोजतात की आगमनापासून, आणि बेत रद्द झाल्यास किती रक्कम परत मिळेल, हे प्रश्न संकोच न करता विचारावेत. सांगितलेल्या भाड्यात कर धरला आहे की नाही, तेही विचारावे. दिवसाचे भाडे ७,५०० रुपयांपर्यंत असल्यास, २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावर ५ टक्के कर आहे. शक्य असेल त्यांनी शनिवार-रविवार टाळून आठवड्याच्या मधल्या दिवशी जावे. गर्दी कमी भेटते. मात्र प्राणी पाहावयाचे असल्यास साताऱ्याचे नाव वाटावे अशा सातमालिया येथील हरणांच्या वनाची व वासोणा येथील सिंहविहाराची सुटी कोणत्या वारी असते, ते आधी विचारून घ्यावे.

पोहोचल्यावर प्रथम खोली पाहावी व मगच नोंदवहीत सही करावी. नळ सोडून पाहावा, दाराची कडी लावून पाहावी, चादर उचलून पाहावी, आणि आग लागल्यास बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग कोठे आहे तो मुलांना दाखवून ठेवावा.

भोजनगृहाची परीक्षा दिव्यांवरून करू नये. जेथे गावातीलच माणसे मुलाबाळांसह जेवतात आणि पदार्थ ताजा व कढत वाढला जातो, तेथे सहसा फसगत होत नाही. परवान्याचा चौदा आकडी क्रमांक दर्शनी लावणे प्रत्येक भोजनगृहाला बंधनकारक आहे. देयकात ‘सेवाशुल्क’ आपोआप जोडता येत नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी ठरवले, आणि २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. तेव्हा तशी रक्कम दिसल्यास नम्रपणे, पण ठामपणे, ती काढावयास सांगावी. त्याऐवजी ज्या मुलाने ताटे उचलली त्याच्या हातावर आपखुशीने काही ठेवावे. तो बहुधा जवळच्याच पाड्यावरचा असतो. चांगल्या शेजाऱ्याच्या दृष्टांतातील शोमरोनी माणसाने सराईवाल्याला दोन दीनार दिले, ते जखमी परक्यासाठी. आपणही सराईत शिरताना केवळ गिऱ्हाईक होऊ नये.

परत येताना एक सावधगिरी बाळगावी. वापी आणि भिलाड ही दोन्ही ठिकाणे गुजरातेत आहेत. सिल्वाशातून कोणी हौसेने बाटली बरोबर घेतली, तर तेथे तो गुन्हा होतो.

आणि सर्वांत शेवटी, पण सर्वांत आधी ध्यानात ठेवण्याची गोष्ट. मुक्काम निवडताना घरातील सर्वांत धट्ट्याकट्ट्या माणसाला काय आवडेल, असा विचार आपण करतो. वास्तविक विचार उलट करावयास हवा. आपल्यात जिने न चढवणारी आई आहे काय, लवकर झोपणारे लेकरू आहे काय, एखाद्या मोहाशी मुकाट्याने झुंजणारा भाऊ आहे काय, हे पाहावे, आणि त्याला जे सोसेल तेच छप्पर सर्वांसाठी निवडावे. आमच्या त्या दोन साध्या खोल्यांत कोणाला काही कमी पडले नाही. पुढील वर्षीची सहल बंधूंनी ठरवावयाची, असे आईने आताच जाहीर करून टाकले आहे.